त्या बोटाचं पुढे काय झालं?

(पत्र थोडं कमी करून छापत आहोत.)

ताईंना स.न.वि.वि.

वय 68, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. इंदुरात आमची चौथी पिढी. राजेंद्रनगरच्या बाजूला एका मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, राहतो. शिस्त हा माझा स्वभाव आहे. ज्यांच्या कचऱ्याच्या डब्यात ओलं-सुकं एकत्र दिसे, त्यांच्या डब्याचा फोटो काढून मी फ्लॅट नंबरसकट मल्टीच्या ग्रुपवर टाकत असे. आपलं शहर स्वच्छतेत नंबर वन झालं ते असल्या कडकपणामुळे. समोरच्या जैन भाभींचे फोटो तर तीन-चारदा टाकावे लागले. या लोकांना सवयच नाही. हल्ली त्या कचरा गाडी येईपर्यंत डबा बाहेर काढत नाहीत, म्हणजे काहीतरी लपवत असणारच. अनंत चतुर्दशीनंतर त्या हात जोडून क्षमा मागायला आल्या, तेव्हा मी मोठ्या मनानं म्हटलं, "समजलं ना, बस झालं. पुढे लक्ष ठेवा."

त्यानंतर आठवडाभरानं कचरा गाडीवरच्या हेल्परनं आमचीच पिशवी परत आणली. मी इन्सुलिन घेतो. आदल्या रात्री नातवाला ताप होता, जागरण झालेलं, सौ. गावाला गेलेली, त्या गडबडीत पेनच्या सुया ओल्या कचऱ्यात गेल्या असाव्यात. एक त्याच्या बोटाला टोचली. खाली सात-आठ जण उभे असताना तो मोठ्यानं म्हणाला, "दादाजी, ये आपके यहाँ की है." मी लगेच शंभराची नोट पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. ताठा बघा. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं त्या पिशवीचा फोटो आमच्या फ्लॅट नंबरसकट ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. सूनबाईंनीही ऐकवलं, "बाबा, आधी आपलं बघावं."

मी ग्रुप सोडला. आता कोणाला काही सांगत नाही. परवा वरच्या गॅलरीच्या कठड्यावरची मोठी कुंडी हलताना दिसली, खाली मुलं खेळत होती, तरी गप्प राहिलो. आपल्याला काय अधिकार? आधी स्वतः निर्दोष व्हावं, मग तोंड उघडावं, हीच नम्रता ना? अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीला त्यांच्या विनयावर मी मंडळात तासभर बोललो होतो, आणि आज माझ्यावर ही वेळ! एका चुकीनं माणसाचा सांगण्याचा हक्क जातो का? ग्रुपवर परत जाऊ का?

– एक वाचक (नाव छापू नये)

———

काका, नमस्कार.

आधी कुंडी. हे जिथे बसून वाचताय तिथून उठा, वर जा, बेल वाजवा आणि सांगा की कुंडी हलतेय, आत घ्या. बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल. पत्रावर तुम्ही फोन नंबर घातला असता तर छापून येईपर्यंत मी थांबले नसते. मुलांच्या डोक्यावर कुंडी पडू नये हे सांगणाऱ्याचं चारित्र्य कुणी तपासत नाही. वरच्या मजल्यापर्यंत आवाज पोचला की झालं.

आता बोट.

तुमच्या पत्रात तुमच्या अपमानाला बरीच जागा आहे. खाली कोण कोण उभं होतं, ग्रुपवर किती चेहरे हसले, सूनबाई काय म्हणाल्या, सगळं तपशिलानं आहे. हेल्परच्या बोटाला मात्र एकच वाक्य आलंय, आणि त्याच्या लगेच मागे शंभराची नोट. त्यानं हात धुतला का? मल्टीतल्या कोणी त्याला साबण-पाणी दिलं का? तो डॉक्टरकडे गेला का? तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं तुम्ही विचारलेलंही नाही. त्या सात-आठ जणांनीही विचारलं नसावं. ज्या पोरानं फोटो टाकला त्यानं पिशवीचा टाकला, बोटाचा नाही.

तुम्ही विचारता, आधी स्वतःचं बघावं का? हो, बघावं. पण बघायचं म्हणजे काय, यावर आपलं दोघांचं जमत नाहीये. स्वतःबद्दल वाईट वाटून घेत खोलीत बसणं म्हणजे आपले दोष बघणं, असं तुम्ही धरलंय. मी म्हणते, आपली चूक कुणाला लागली ते जाऊन बघावं. तुमच्या बाबतीत ते अगदी शब्दशः करता येतं, कारण जखम कुठे आहे ते माहीत आहे.

मी डॉक्टर नाही, पण जेवढं पक्कं आहे तेवढं लिहिते. वापरलेली सुई टोचली की ती जागा लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायची, बोट दाबून पिळत बसायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. बाधित माणसाच्या सुईनं एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के, म्हणजे कमीच. पण हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्या माणसाला, 6 ते 30 टक्क्यांपर्यंत असते. तुम्हाला यातलं काही असेल असं मी अजिबात म्हणत नाही. असण्याचं कारणही नसेल. पण ते त्या मुलाला कसं कळणार? सुई टोचलेला माणूस पुढचे काही महिने तपासण्या करत, मनात हिशेब मांडत काढतो. घरी सांगावं का, बायकोला सांगावं का, हे वेगळंच.

72 तास केव्हाच उलटून गेले. एक गोष्ट मात्र अजून करता येते, आणि ती फक्त तुम्हीच करू शकता. उद्या सकाळी स्वतःचं रक्त तपासून घ्या: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. बाकीच्या चाचण्या तुमच्या नेहमीच्या लॅबमध्येही होतील. रिपोर्ट आला की त्याची प्रत त्या मुलाच्या हातात द्या, त्याला एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा, त्यानं हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का ते विचारा, आणि पुढच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तशा होतील एवढं बघा. खर्च तुमचा. एरवी आत्मपरीक्षण हा भाषणातला शब्द असतो. तुमच्यासाठी ते नऊ वाजता उपाशीपोटी लॅबमध्ये जाण्याइतकं सरळ आहे. (या तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही, पण तुम्ही शुगरचीही सोबत करून घ्यालच.)

तुम्ही बँकेतले. संध्याकाळी कॅश जुळेना की कॅशियर आधी कोणाचं बंडल मोजतो? स्वतःचं. आणि कमी पडलीच तर भरतो कुठून? स्वतःच्या खिशातून. शेजारच्या काउंटरवर परवा कमी पडली होती, हे तिथे उत्तर म्हणून चालत नाही. आणि कॅश कमी पडली म्हणून लाजून दुसऱ्या दिवशी काउंटरच उघडायचं नाही, असंही कोणी करत नाही. इतकी वर्षं तुम्ही जे रोज केलंत तेच इथे करायचंय.

ती शंभराची नोट त्यानं का घेतली नाही, याला तुम्ही ताठा म्हटलंय. लोकांसमोर सुई टोचली, आणि लोकांसमोरच कोणीतरी नोट पुढे केली. घेतली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, निदान तुमच्या बाजूनं. त्यानं ते मिटू दिलं नाही. मला तर तो मुलगा शहाणा वाटला.

आता तुमच्याच पत्रातली दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. तुमच्या पिशवीत सुया गेल्या, तर नातवाचा ताप, जागरण, सौ. गावाला, गडबड, आणि वर 'गेल्या असाव्यात', जणू सुया आपल्या पायांनी चालत गेल्या. भाभींच्या डब्यात ओलं-सुकं एकत्र निघालं, तर 'या लोकांना सवयच नाही'. तुमच्या चुकीला चार कारणं मिळाली. त्यांच्या चुकीला एकही नाही, थेट स्वभावाचा शिक्का. त्यांच्याही घरी कोणाला ताप आला असेल, काका. तीन-चारदा फोटो काढलेत, एकदा तरी विचारलंत का?

हे फक्त तुमचं नाही. ली रॉस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये या खोडीला नाव दिलं: दुसऱ्याचं वागणं बघताना आपण त्याची परिस्थिती विसरतो आणि सगळं त्याच्या स्वभावावर ढकलतो. स्वतःच्या बाबतीत मात्र परिस्थिती नीट आठवते, कारण आपण तिच्यात उभे असतो. तेव्हा आपले दोष आधी बघण्याचा पहिला फायदा पुण्य मिळणं वगैरे नाही. त्यानं नजर दुरुस्त होते. घाईत चांगल्या घरातल्या शिस्तीच्या माणसाच्या हातूनही सुई ओल्या कचऱ्यात जाते, हे आता तुम्हाला माहीत आहे. तुमच्या मल्टीत हे तुमच्याइतकं नीट कोणालाच माहीत नाही. उद्या कोणाचा डबा बिघडलेला दिसला, तर तुमचा पहिला प्रश्न 'आज काही गडबड होती का?' हा असेल. पूर्वीचा पहिला प्रश्न मोबाइलचा कॅमेरा होता.

भाभींविषयी तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मी कपाळावर हात मारून घेतला.

अहो, त्या डब्याची माफी मागायला आल्याच नव्हत्या! दिगंबर जैनांचे दसलक्षण पर्वाचे दहा दिवस अनंत चतुर्दशीला संपतात, आणि मग क्षमावाणी येते. आपला चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या) जागरणाचा शीण उतरतो न उतरतो तोच ही मंडळी एकमेकांच्या दारी जातात आणि वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं असेल त्याबद्दल क्षमा मागतात. 'उत्तम क्षमा' म्हणतात. श्वेतांबरांकडे हेच संवत्सरीला होतं आणि ते 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. नोकराला, धाकट्या भावाला, वर्षभर अबोला धरलेल्या जावेलाही. त्याच्या मागे प्रतिक्रमणाची मोठी शिस्त आहे. दिवस संपताना, रात्र संपताना, पंधरवड्यानं, चार महिन्यांनी, वर्षानं, मागे वळून आपलं काय चुकलं ते मोजायचं. समोरच्यानं काय केलं याची यादी त्यात नसते. म्हणजे आत्मपरीक्षणाचा एवढा जुना आणि पक्का रिवाज पाळणारी बाई तुमच्या दारात हात जोडून उभी होती, आणि तुम्ही तिला सांगितलंत, 'समजलं ना, पुढे लक्ष ठेवा.' अशा वेळी उलट हात जोडून आपणही क्षमा मागायची असते. चार पिढ्या इंदुरात काढून हे माहीत नसावं याचं मला खरंच आश्चर्य वाटलं.

(आपण मराठी माणसं संक्रांतीला काय करतो ते आठवलं. तिळगूळ हातावर ठेवतो आणि समोरच्याला सांगतो, तुम्ही गोड बोला. सणाच्या दिवशीही सूचना दुसऱ्यालाच.)

त्या डबा बाहेर काढत नाहीत, म्हणजे काहीतरी लपवतात, असं तुम्ही लिहिता. बरोबर ओळखलंत, लपवतात. तुमच्यापासून. फ्लॅट नंबरसकट फोटो टाकल्यावर माणूस कचरा वेगळा करायला शिकत नाही, फोटो चुकवायला शिकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचंही तेच. त्यानं तुमच्यावर वापरलेली रीत तुमचीच, फ्लॅट नंबर टाकण्यापर्यंत तंतोतंत. त्याचा राग येणं समजू शकते, पण ही रीत मल्टीत कोणी आणली?

एवढं झाडल्यावर आता तुमच्या बाजूनंही बोलायला हवं, कारण मुद्दा तुमचा होता तो बरोबरच होता. तुमच्या पिशवीत सुई निघाली म्हणून इतरांच्या डब्यातलं ओलं-सुकं आपोआप वेगळं होत नाही. 'आधी आपलं बघा' हे वाक्य बऱ्याचदा समोरच्याला गप्प करण्यासाठीच वापरलं जातं, आणि ज्यांना कचरा वेगळा करायचा कंटाळा आहे त्यांची तुमच्या सुईमुळे आयतीच सोय झाली. आपल्या इंदूरच्या देवगुराडियाच्या, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या ज्या बायो-सीएनजी प्रकल्पाचं फेब्रुवारी 2022 मध्ये उद्घाटन झालं, तो दिवसाला 550 टन ओला कचरा घेईल असा बांधलाय. त्या कचऱ्यात काच, प्लास्टिक, सुई काहीही गेलं तरी ते कुठेतरी कुणाच्या तरी हाताला लागतंच. त्यामुळे सांगायला हवंच. फक्त नंबर वनची नशा जरा उतरवून. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा आपण पहिले आलो हे इंदुरातलं शेंबडं पोरही सांगतं. त्यातला 2023 चा पहिला नंबर सुरतेबरोबर वाटून घेतलेला होता, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि तो नंबर येतो पहाटेपासून गाडीवर उभ्या असलेल्यांच्या जिवावर, ज्यांच्यातल्या एकाचं नाव तुमच्या पत्रात 'हेल्पर' एवढंच आहे.

पहिल्या नंबरच्या शहरात राहिलं की प्रत्येकाच्या अंगात इन्स्पेक्टर संचारतो, असं माझं निरीक्षण आहे. पोहे खाऊन द्रोण कुठे टाकला यावरून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत अनोळखी लोक एकमेकांना झापताना मी ऐकलंय. चलान कापणं हे महापालिकेचं काम आहे, तिनं त्यासाठी माणसं नेमलीत. तुमचं काम शेजाऱ्याचं. शेजारी दार वाजवतो, आत येऊन बसतो, चहा घेतो, आणि निघताना म्हणतो, 'भाभी, ते दुधाच्या पिशव्यांचं कुठे टाकायचं, माझाही गोंधळ होतो.'

आता तुमचा मुख्य प्रश्न. आधी निर्दोष व्हावं, मग बोलावं, हीच नम्रता ना?

नाही. तुम्ही नम्र झालेले नाही, रुसलेले आहात. दोन्हींत माणूस गप्प दिसतो, म्हणून गल्लत होते. कुंडीवरून ती ओळखता येते. नम्र माणसाला कुंडी दिसली असती तर तो पळत वर गेला असता, कारण त्याचं लक्ष खालच्या मुलांकडे असतं. तुमचं लक्ष 'मला बोलले ना, आता बघा' याच्याकडे होतं. तुम्हाला टोचेल म्हणून हे मऊ करून लिहिणार होते, पण मुलं लहान आहेत.

आणि निर्दोष झाल्यावरच बोलायचं ठरवलं, तर बोलणारं कोणी उरणारच नाही. तुम्हाला जिलबी बंद करायला सांगणारे डॉक्टर सकाळी पोह्यांबरोबर दोन जिलब्या खातही असतील. म्हणून तुमची शुगर कमी होत नाही, आणि त्यांचा सल्लाही खोटा ठरत नाही. निर्दोष होईपर्यंत थांबण्यात एक छुपा अहंकार आहे: मी बोलेन तर वरच्या पायरीवरूनच बोलेन, तुमच्यासोबतच्या पायरीवर उभा राहून बोलणार नाही. तुम्ही आधी वरच्या पायरीवर होतात. तिथून घसरलात तर थेट घरात जाऊन दार लावलंत. मधली जागा तुम्ही अजून वापरूनच पाहिलेली नाही.

एका चुकीनं हक्क जातो का, असंही विचारलंय. धोक्याच्या गोष्टीत, कुंडी असो की जिन्यातली उघडी वायर, प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे आणि तो कधीच जात नाही. बाकीच्या बाबतींत हक्क जात नाही, पण वजन जातं. चूक मान्य केली की ते हळूहळू परत येतं.

अहिल्याबाईंवर तुम्ही तासभर बोललात, तर हे तुमच्या भाषणात असणारच की महेश्वरहून 1767 ते 1795 अशी जवळजवळ अठ्ठावीस वर्षं त्यांनी राज्य केलं आणि त्यांचे हुकूम श्री शंकराच्या नावानं निघत. मला त्यातली विनयाची बाजू तुम्ही मांडली असेल त्याहून थोडी वेगळी दिसते. बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी निवाडे केले, दंड केले, फौजा उभ्या केल्या. फक्त सांगताना 'मी सांगते' याला जागा ठेवली नाही. तुमच्या फोटोंत कचऱ्यापेक्षा तुम्हीच जास्त दिसत होतात. मल्टीत तुम्हाला करता येईल ते याच धर्तीवरचं: लिफ्टशेजारी रहवासी संघाच्या नावानं एक कागद. कोणत्या डब्यात काय, एवढंच. कोणाचा फ्लॅट नंबर नाही, खाली तुमची सही नाही. त्यात इन्सुलिनच्या सुयांची ओळ मोठ्या अक्षरांत असू द्या. 2016 च्या घनकचरा नियमांतच वापरलेल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, त्या ओल्यातही जात नाहीत आणि सुक्यातही. जाड प्लास्टिकची, झाकणाची बाटली घ्यायची, त्यात सुया जमवायच्या, भरत आली की झाकण टेपनं बंद करून वर 'सुया' असं मराठीत नको, हिंदीत लिहायचं, आणि गाडीवर ती वेगळी, सांगून हातात द्यायची. देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तुमच्या मल्टीत इन्सुलिन घेणारे तुम्ही एकटे नसाल. बाकीच्यांच्या सुया आत्ता कुठे जातायत, विचारा जरा.

सूनबाईंचं. त्या बोलल्या ते खरं होतं, वेळ चुकीची होती. तुमचा चेहरा पडलेला असताना ऐकवलं. पण तुम्हीही घरात त्यांना असंच ऐकवत आला असाल, असा माझा संशय आहे. पत्रात तुम्ही त्यांच्याविषयी दुसरं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून जास्त बोलत नाही. 'तू म्हणालीस ते बरोबर होतं' एवढं एकदा म्हणून टाका, त्यापुढे व्याख्यान जोडू नका.

भाभींकडे जा. क्षमावाणी पुढच्या वर्षी येईल, तोवर थांबायची गरज नाही. म्हणा, 'फोटो टाकले ते चुकलं, आणि तुम्ही आलात तेव्हा मी उलटच बोललो, हेही चुकलं.' दोन वाक्यं पुरेत. 'तुमच्या डब्यातही होतंच म्हणा' हे तिसरं वाक्य ओठांवर येईल. ते येऊ देऊ नका. त्यांनी डबा कधी बाहेर काढायचा ते त्यांचं त्या बघतील.

ग्रुपवर परत जायचं का? जा, पण या सगळ्याच्या नंतर. आधी गाडीची वेळ गाठून त्या मुलाला त्याचं नाव विचारा, मग लॅब, मग डॉक्टर, मग भाभी, मग ग्रुप. परत गेलात की पहिला मेसेज असा काहीसा टाका: "इन्सुलिनच्या सुया मी ओल्या कचऱ्यात टाकल्या होत्या. गाडीवरच्या मुलाच्या बोटाला लागलं. चूक माझी आहे. त्याच्या तपासण्यांचं मी बघतो आहे. आधी मी इतरांच्या डब्यांचे फोटो टाकले, तेही करायला नको होतं. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर सुया कशा द्यायच्या ते मला विचारा." ताप, जागरण, सौ. गावाला, यातलं काही त्यात घालू नका. तिसऱ्या मजल्यावरचं पोरगं बहुतेक पुन्हा एखादा हसरा चेहरा टाकेल. टाकू द्या, उत्तर देऊ नका. आणि मुलाचं नाव त्याला विचारल्याशिवाय ग्रुपवर लिहू नका.